ज्येष्ठ कार्ड येथे चालते

पेंटरांना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं उरली होती दोन. एक बँकेच्या खिडकीवरची बाई आणि दुसरा टपाल आणणारा. बाकी सगळ्यांना ते पेंटर म्हणूनच ठाऊक. बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे पेंटर" म्हणायची आणि घरात नुसतं "अहो". ती गेल्याला सहा वर्षं झाली, त्यामुळे आता "अहो" म्हणणारंही कोणी नव्हतं.

चाळीस वर्षं त्यांनी या शहरातल्या पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, वकिलांच्या, शिकवण्यांच्या, दवाखान्यांच्या. मग छापील फलक आले, त्यानंतर आतून दिवे लागणारे आले आणि पेंटरांचं काम आटत गेलं. त्यांनी ते हसतमुखाने सोसलं वगैरे म्हणणं साफ खोटं होईल. त्यांनी मनसोक्त कुरकुर केली. छापील अक्षराला ते "भाड्याचं अक्षर" म्हणत आणि रस्त्याने जाताना एखाद्या चकचकीत फलकाकडे पाहून असं तोंड करत, की समोरून येणाऱ्याला वाटावं आपलंच काही चुकलं.

त्यांची कामाची एक पद्धत होती. पेंटर शिडीवर आणि बायको खाली, हातात मजकुराचा कागद घेऊन. ती एकेक शब्द वाचायची, ते लिहायचे. मजकूर काय आहे हे त्यांनी कधी आधी वाचलं नाही. त्यांचं लक्ष अक्षराकडे. मधूनच खालून आवाज यायचा, "डावीकडे कलतंय हं," नाहीतर "शेवटचं अक्षर दाटीवाटीने बसलंय." शिडीवरच्याला आपली ओळ वाकडी झालेली दिसत नाही, ते खालच्यालाच दिसतं. ती गेल्यावर पेंटरांनी जी दोन-चार कामं घेतली त्यांतल्या ओळी कललेल्याच निघाल्या. गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत. त्याचंच त्यांना जास्त लागलं, आणि त्यांनी ब्रश धुऊन फळीवर ठेवून दिले.

यंदा उन्हाळा संपता संपता पेंटरांना दम लागायला लागला. कोपऱ्यावरून दूध आणायचं म्हणजे येताना दोनदा थांबायचं. थांबण्यात त्यांना कमीपणा वाटे, म्हणून ते एखाद्या पाटीसमोर उभे राहून अक्षरं तपासत असल्याचं सोंग आणत. एके दिवशी पाटी नव्हतीच, नुसती भिंत होती, आणि पेंटर ती भिंत पाच मिनिटं वाचत उभे राहिले. तेव्हा मात्र ते सरकारी आरोग्य केंद्रात गेले.

तिथली डॉक्टरीण नातीच्या वयाची होती. तिने छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली.

"काका, तुमच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाहीये," ती म्हणाली. "आमच्याकडे हृदयाचे डॉक्टर नाहीत. बाहेर दाखवावं लागेल. एका महिन्याच्या आत, बरं का. पुढे ढकलू नका."

"आणि ढकललं तर?"

"ढकलायचं नाही म्हणून तर महिना सांगितला," ती म्हणाली. "ज्येष्ठ कार्ड आहे ना? मग काही प्रश्न नाही. आणि जिने अजिबात चढायचे नाहीत."

पेंटर चिठ्ठी घेऊन बाहेर पडले. कार्ड त्यांच्या खिशातच होतं. त्यावरच्या फोटोत ते ऐन चोरी करताना सापडल्यासारखे दिसत. पण कार्ड खरं होतं आणि चालू होतं.

कार्डाच्या कचेरीतून त्यांना एक यादी मिळाली. हृदयाचे डॉक्टर, एकूण सहा. घरी येऊन त्यांनी फोनजवळ खुर्ची ओढली, पेन्सिलीला टोक काढलं आणि लावायला बसले. पहिले डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारले होते. हे त्यांच्या सुनेने सांगितलं आणि वर पेंटरांचीच चौकशी केली. दुसऱ्या नंबरवर सोफ्याचं दुकान निघालं. दुकानदार भला होता, म्हणाला, असे फोन रोज येतात, मी कंटाळत नाही, तुम्ही काळजी घ्या. तिसरे दुसऱ्या शहरात गेले होते. चौथ्यांकडे कार्ड चालत होतं, पण नवीन पेशंट घेत नव्हते. पाचव्यांकडे नवीन पेशंट घेत होते, पण कार्ड चालत नव्हतं. सहाव्यांकडच्या मुलीने तारीख दिली, ती पाच महिन्यांनंतरची.

"पाच महिने?" पेंटर म्हणाले. "बाई, मला एक महिना सांगितलाय."

"मग लिहून घेऊ का पाच महिन्यांची?" मुलगी म्हणाली.

पेंटरांनी लिहून घ्यायला सांगितलं.

रविवारी लेकीचा फोन आला. लेक सहा तासांच्या वाटेवर राहत होती. कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या एका रांगेवर तिची देखरेख असे. तिला दोन मुलं होती आणि घरात सासू. पेंटरांना मागच्या वर्षी ताप आला तेव्हा ती चार दिवस रजा काढून आली होती, आणि परत गेल्यावर तिची रांग दुसरीला दिलेली होती. ती मिळवायला तिला आठ महिने लागले. तिने हे कधी सांगितलं नाही, जावयाच्या तोंडून निसटलं. तेव्हापासून पेंटर लेकीशी बोलताना घसा साफ करून, आवाज चढवून बोलत.

"दम लागतोय म्हणत होतात, त्याचं काय झालं?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं. हृदयाच्या डॉक्टरला दाखव म्हणतात."

"मग? सापडला का कार्डवाला कोणी? मी येऊ का?"

"छे छे, सापडला की," पेंटर म्हणाले. "चांगला आहे. हसतमुख आहे."

हसतमुख कशाला म्हणालो, असं त्यांना फोन ठेवल्यावर वाटत राहिलं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. खुर्चीवरून उठायला त्यांना बराच वेळ लागला. खोलीत दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, अहो, बसा जरा, पाणी देते.

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यादी कचेरीतल्या कोणीतरी टंकलेली, ती चुकायचीच. पण पाट्या? पाट्या तर आपण स्वतः लिहिल्या!

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वी ज्येष्ठ कार्डाची योजना आली तेव्हा जे डॉक्टर योजनेत आले त्यांच्या पाटीखाली एक ओळ लिहायचं ठरलं, 'ज्येष्ठ कार्ड येथे चालते'. हिरव्या रंगात, चार बोटं उंच. ते काम पेंटरांना मिळालं. सत्तेचाळीस दवाखाने. दुसऱ्या कोणी पातळ रंगाचा एक हात मारून मोकळं केलं असतं. पेंटरांनी प्रत्येक पत्रा घासला, खाली प्रायमर दिला आणि वर चांगल्या एनॅमलचे तीन हात दिले. बायको खालून म्हणाली, "अहो, सरकारी काम आहे. एवढं जिवावर कशाला घेताय?"

"म्हातारी माणसं वाचणार आहेत," पेंटर वरून म्हणाले. "रस्त्यापलीकडून दिसलं पाहिजे."

आता त्यांनी आठवून आठवून हृदयाचे दवाखाने एका कागदावर काढले. पाच निघाले. पाचांपैकी एकही यादीत नव्हता, म्हणजे कचेरीवाले त्यांना विसरले असणार, असा पेंटरांनी निष्कर्ष काढला आणि त्यांना अगदी हुरूप आला. दुसऱ्याच दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले.

शहरातले सगळे हृदयाचे डॉक्टर वरच्या मजल्यावर का बसतात, हे एक कोडंच आहे. जिने चढू नका असं ज्यांनी सांगायचं, तेच तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या इमारतीला लिफ्ट होती आणि ती बंद होती. पण खाली दारालगत पाट्यांची रांग होती, आणि तिसऱ्या पाटीखाली त्यांची ओळ. वरचं डॉक्टरचं नाव उन्हाने विटून पार पिवळं पडलं होतं, पदव्यांतली काही अक्षरं गळाली होती. हिरवी ओळ मात्र काल लिहिल्यासारखी. पेंटर तिच्याकडे बघत क्षणभर उभे राहिले. त्यांना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मग दर पाच पायऱ्यांना थांबत ते तिसऱ्या मजल्यावर पोचले. कपाळावर घाम, पायांत गोळे.

"कार्ड नाही घेत आम्ही," काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली.

"खाली लिहिलंय."

"ते जुनं आहे, काका. चार वर्षं झाली आम्हाला योजना सोडून. सरकारचे पैसे वेळेवर येत नाहीत."

"मग पाटी?"

"पाटीचं कोण बघतंय?" मुलगी म्हणाली. "कॅशमध्ये दाखवायचं असेल तर बसा. अर्ध्या तासात नंबर लागेल."

पेंटर बसले, पण दाखवायला नाही. उतरण्याएवढा श्वास परत यावा म्हणून. मग उतरायला लागले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खालून एक बाई वर येत होत्या. पंचाहत्तरीच्या असतील. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पर्स, आणि एकेक पायरी अशी घेत होत्या की प्रत्येक पायरीशी त्यांचं जुनं भांडण असावं. पर्ससोबतच निळं ज्येष्ठ कार्ड तयार धरलेलं. त्या कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका असाव्यात, असं पेंटरांना नंतर वाटत राहिलं, कारण बाईंसमोर उभं राहिल्यावर पेंटरांनी आपोआप शर्टाचं वरचं बटण लावलं होतं.

"बाई, तिसऱ्या मजल्यावर चालला असाल तर जाऊ नका," पेंटर म्हणाले. "कार्ड घेत नाहीत."

"खाली लिहिलंय की."

"लिहिलंय. पण घेत नाहीत."

"तुम्हाला काय माहीत? तुम्हाला नसेल चालत. एवढं ठळक लिहिलेलं खोटं कसं असेल?"

"अहो, ते मीच लिहिलंय," पेंटर म्हणाले. "मी पेंटर आहे."

बाईंनी काठी दोन्ही हातांनी धरली आणि त्यांच्याकडे खालून वर नीट बघितलं.

"मग खोटं कशाला लिहिलंत?" त्या म्हणाल्या.

पेंटरांना सांगता आलं असतं की तेव्हा ते खरं होतं, की मजकूर कचेरीचा होता, की आपण फक्त हात. त्याऐवजी ते भिंतीशी सरकले. बाई त्यांच्या शेजारून वर गेल्या. पेंटर खाली दारात थांबून राहिले, कारण त्या काय तोंडाने उतरतात ते बघितल्याशिवाय त्यांना तिथून हलवेना. वीस मिनिटांनी काठीचा आवाज आला. बाई उतरल्या, कार्ड पर्समध्ये टाकलं आणि पेंटरांच्या समोरून निघून गेल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात पेंटर उरलेल्या चार ठिकाणी जाऊन आले. एक दवाखाना बंद पडून तिथे केस कापायचं दुकान झालं होतं. मालकाने पाटी आत भिंतीला टेकवून ठेवली होती. बाकी तिघांनी नाही म्हटलं, एकाने प्रेमाने, दोघांनी तुटकपणे. सगळीकडे ओळ जशीच्या तशी. कुठे एक पोपडा म्हणून निघालेला नाही. सत्तेचाळीस ओळी शहरभर उभ्या होत्या आणि म्हाताऱ्या माणसांना वर बोलावत होत्या. आयुष्यात प्रथमच पेंटरांना वाटलं की आपण हलकं काम करायला हवं होतं. एखाद्या चोराने करावं तसं, पावसात वाहून जाणारं.

रविवारी लेकीने विचारलं, "गेला होतात का परत? काय म्हणाले?"

"झडप आहे म्हणाले. गोळ्या दिल्यात."

"कोणत्या?"

"पांढऱ्या," पेंटर म्हणाले.

मागे तिची सासू कुणाला तरी ओरडत होती. मग लेक म्हणाली, "बाबा, येऊ का मी दोन दिवस?" आणि पेंटरांनी इतक्या जोरात "वेड लागलंय का तुला" म्हटलं की त्यांनाच धाप लागली. ती त्यांनी खोकल्यात लपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फळीवरून ब्रश काढले. महिन्यातले एकवीस दिवस संपले होते. डॉक्टर सापडत नव्हता. निदान त्या बाईंसारखा दुसऱ्या कोणी तो जिना चढू नये. त्यांनी पाटीच्या जमिनीचा, म्हणजे अक्षरांमागचा राखाडी रंग मिसळला, पॉलिश पेपर घेतला आणि त्या इमारतीच्या दारात जाऊन, एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून ओळ घासायला सुरुवात केली.

ती निघेना. तीन हात, चांगलं एनॅमल, खाली प्रायमर. पेंटर घासत होते आणि स्वतःलाच शिव्या घालत होते. पहिला शब्द निघाला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. तेवढ्यात वरची मुलगी धावत खाली आली, तिच्यामागून दवाखान्याचा मॅनेजर.

"ए बाबा, काय चाललंय? कोणी सांगितलं पाटीला हात लावायला?" मॅनेजर म्हणाला.

"ओळ खोटी आहे," पेंटर म्हणाले.

"असू दे ना. तुमचं काय जातंय? पाटी बघून चार माणसं वर येतात. वर आलेल्यांतली एक-दोन पैसे देऊन दाखवतात. दवाखाना असाच चालतो, काका."

म्हणजे पाटीचं कोणी बघत नव्हतं असं नाही. चांगलं बघत होतं. पेंटरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझं अक्षर आहे," ते म्हणाले. "लिहिलंय मी, पुसणार मी. बोलवा पोलिसांना. त्यांच्या चौकीची पाटीपण मीच लिहिली आहे."

मॅनेजरने पोलिसांना बोलावलं नाही. रस्त्यावर माणसं थांबायला लागली होती, आणि भर सकाळी आपल्याच दारात ही चर्चा त्यालाही परवडणारी नव्हती. तो पुटपुटत वर गेला. पेंटरांनी उरलेली ओळ घासली, वर राखाडी रंगाचा हात दिला आणि मग पायरीवरून उतरताना त्यांचा तोल गेला. औषधवाल्याने त्यांना धरून स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं.

"इतकी वर्षं माझ्याच डोक्यावर आहे ती पाटी," औषधवाला म्हणाला. "खाली उतरलेली म्हातारी माणसं माझ्याच पायरीवर बसतात. तुम्हाला काय होतंय?"

पेंटरांनी सगळं सांगितलं. यादी, पाच महिने, पाच दवाखाने. हे सगळं ते पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.

"डेपोमागे धर्मादाय रुग्णालय आहे, दोन खोल्यांचं," औषधवाला म्हणाला. "तिथे मंगळवारी एक हृदयाचे डॉक्टर येतात. मोठे आहेत, दुसरीकडे बसतात, इथे फक्त मंगळवार सकाळ. कार्डावर बघतात. त्यांच्या चिठ्ठ्या येतात माझ्याकडे."

"डेपोमागे?" पेंटर म्हणाले. "तिथे अशी पाटी नाही."

"नसेल पाटी. डॉक्टर आहेत."

डॉक्टर खरंच होते. दुसऱ्याच दिवशी, लाकडी बाकावर दोन तास बसल्यावर पेंटरांचा नंबर लागला. डॉक्टर हसतमुख नव्हते. चेहऱ्यावर रात्रपाळी केल्यासारखा थकवा होता. पण त्यांनी कार्ड घेतलं, नोंदवलं आणि काहीही न म्हणता परत दिलं. पेंटर ते हातात धरून बघत राहिले.

"उशीर केलात," डॉक्टर म्हणाले. "पण हाताबाहेर नाही गेलेलं. घशातून नळी घालून झडप नीट बघावी लागेल. पुढच्या मंगळवारी या, उपाशीपोटी. थोडी गुंगी देणार आहोत, तेव्हा सोबत घरचं माणूस पाहिजे. तोवर या गोळ्या."

बाहेर सिस्टरने फॉर्म दिला. पेंटरांनी नाव, वय, पत्ता लिहिला, अक्षर बघून सिस्टर म्हणाली, "अरे वा!" शेवटी एक ओळ होती. 'सोबतच्या व्यक्तीचे नाव, नाते, दूरध्वनी.'

पेंटर थांबले. शेजारच्याला विचारावं? शेजारी तीन महिन्यांपूर्वी आलेले, त्यांचं आडनावही त्यांना ठाऊक नव्हतं. औषधवाल्याचं दुकान सकाळीच उघडतं. लेकीचं नाव लिहायचं तर आजवरच्या सगळ्या थापा उघड्या पडणार आणि तिची रांग पुन्हा जाणार. मित्र होते, एकेक करून गेले. सबंध शहराला ओळखणाऱ्या माणसाला एका सकाळीपुरतं एक माणूस सापडेना, हे त्यांच्या तेव्हा पुरतं लक्षात आलं. आणि रिकामी ओळ तर त्यांना बघवत नसे. उभ्या जन्मात त्यांनी कधी पाटीवर रिकामी ओळ सोडली नव्हती. त्यांनी बायकोचं नाव लिहिलं. नाते, पत्नी. दूरध्वनी, घरचाच. ओळ भरली. लिहिताना त्यांना काही वाईट वाटलं नाही. उलट त्या नावाची अक्षरं इतक्या वर्षांनी हाताखालून जाताना बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी ते सातालाच हजर झाले. त्यांना अंगरखा दिला, पलंगावर घेतलं, हातात सुई टोचून ठेवली. साडेदहाला सिस्टर आली.

"काका, सोबत कोण आहे? बाहेर कोणी दिसत नाही."

"येईल," पेंटर म्हणाले.

"तुम्ही दिलेल्या नंबरवर मी दोनदा फोन केला. रिंग वाजतेय, उचलत नाहीत."

पेंटरांना ती रिंग ऐकू आली. खिडकीखालच्या स्टुलावर फोन वाजतोय, खुर्ची अर्धवट ओढलेली, दुधाचं पातेलं पालथं, आणि खोलीत कोणी नाही.

"कामात असेल," ते म्हणाले.

"बरं, पुन्हा लावते. त्या आल्याशिवाय आत घेता येत नाही हो, नियम आहे." ती वळली.

"सिस्टर," पेंटर म्हणाले. "लावू नका. ती वारली."

सिस्टर परत आली. तिने पलंगाच्या कडेला लावलेला फॉर्म काढून वाचला. "कधी?"

"सहा वर्षं झाली."

"मग इथे लिहिलंत कशाला, काका?"

पेंटरांनी मान फिरवली. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं आणि सुई हलेल या भीतीने त्यांनी ते पुसलंही नाही. सिस्टरने ते आपल्या हाताने पुसलं. मग तिने विचारलं, दुसरं कोणीच नाही का, आणि पेंटरांनी लेकीचा नंबर सांगितला. तो त्यांना तोंडपाठ होता. तिने फोन लावून त्यांच्या कानाला धरला.

"मी बोलतोय," पेंटर म्हणाले.

"बाबा? आत्ता? काय झालं?" मागे यंत्रांची घरघर होती.

"काही नाही गं. डॉक्टर सापडलाय."

घरघर चालूच होती. लेक म्हणाली, "तो तर दोन आठवड्यांपूर्वीच सापडला होता ना, बाबा?"

"तेव्हा नव्हता सापडला."

पेंटरांनी घसा साफ केला, पण आवाज चढला नाही. "सोबत माणूस लागतं म्हणतात," ते म्हणाले. "नियम आहे. मी एकटाच आलोय."

"कुठे आहात? पत्ता द्या," लेक म्हणाली. सिस्टरने पत्ता सांगितला. "मी निघते," लेक म्हणाली, आणि नको म्हणायला जागाच न ठेवता तिने फोन ठेवला.

सिस्टरने घड्याळाकडे बघितलं. सहा तास म्हणजे पावणेपाच. डॉक्टर दोनला निघून जातात. ती आत जाऊन विचारून आली. मग पेंटरांच्या हातातली सुई काढली, तिथे कापूस दाबला आणि त्यांच्या जागी बाहेरच्या एका आजोबांना घेतलं, ज्यांच्यासोबत दोन मुलगे आणि एक सून होती. पेंटरांना तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. गोळ्या चालू ठेवायच्या आणि जिने नाहीच.

पेंटर कपडे घालून बाहेर आले. सिस्टरने टेबलावरचा फोन त्यांच्याकडे सरकवला.

"मुलीला सांगून टाका, काका. आज काही होणार नाही, म्हणावं. निघाल्या नसतील तर उगाच हेलपाटा वाचेल. तीन आठवड्यांनीच या म्हणावं."

ती म्हणत होती ते अगदी बरोबर होतं. लेक अजून कारखान्याच्या दारातच असेल. एक फोन, आणि तिची रजा वाचेल, रांग वाचेल, सासूचे चार शब्द वाचतील. पेंटरांनी फोन उचलला आणि पहिले चार आकडे दाबले. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"काय झालं? लागत नाही का?"

"लावला नाही," पेंटर म्हणाले. "येऊ दे तिला."

"पण काका, इथे बसून करणार काय तुम्ही? पाच वाजतील."

"वाजू देत," पेंटर म्हणाले, आणि दारासमोरच्या बाकावर जाऊन बसले.